मुकादमीण

आबा,

आज पहाटे साडेचार वाजता एक मांजर माझ्या छातीवर येऊन बसलं. काल बसलं होतं, परवा बसलं होतं आणि उद्याही बसणार, त्यात काही शंका नाही. आधी ते पायाचा अंगठा चावून बघतं, मग पांघरुणावरून सावकाश चालत येतं, छातीवर चारी पाय गोळा करून बसतं आणि एक पंजा माझ्या ओठांवर ठेवतं. नख बाहेर काढत नाही, पण काढू शकतं एवढं कळू देतं. तरी उठले नाही तर फळीवरचा चष्मा खाली ढकलतं. दोन चष्मे फुटल्यावर मी चष्मा उशीखाली ठेवायला लागले, तर आता ते उशीखाली पंजा घालून शोधतं. उठले की पायात पायात करत मोरीपर्यंत येतं, मी दात घासत असताना बादलीच्या काठावर चढून पाणी पितं, कणीक मळायला बसले की परातीला टेकून बसतं आणि वह्या तपासायला घेतल्या की नेमकं जिच्यावर मला सही करायची असते त्याच वहीवर अंग पसरतं. तुमचा जावई, ज्याला तुम्ही कधी बघितलं नाहीत, तो शेजारी खुशाल घोरत असतो. त्याच्या वाटेला ते जात नाही. कबनूरला यंत्रमागाच्या खडखडाटात ज्याचे दिवस जातात त्याला मांजर काय उठवणार?

मांजर पाळायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्या नातीनं दप्तरातून एक पिल्लू आणलं आणि म्हणाली, ‘एकच दिवस ठेवू या.’ ती आता दहा वर्षांची आहे. नाक हुबेहूब तुमचं, हट्टही तुमचाच. त्या एका दिवसाची दोन वर्षं झाली आणि साडेचारची हजेरी माझ्या नशिबी परत आली.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. मधे कधी लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहून करायचं काय, असं म्हणून मी पेन ठेवून देत असे. तुमच्या मांजरीबद्दलची एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची होती. तुम्ही होता तेव्हा धीर झाला नाही आणि तुम्ही गेल्यावर ती माझ्या घशाला हाडकासारखी अडकून राहिली. आणि गेल्या रविवारी आईनं लसूण सोलता सोलता असं काही सांगितलं की अठरा वर्षं जपून ठेवलेली माझी कबुली एका फटक्यात शिळी झाली. पण मधूनच सुरुवात केली तर तुम्ही म्हणाल, ‘पहिल्यापास्नं सांग.’ म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

पेठेतलं आपलं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत आई झोपते, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मी आणि भिंतीकडेला तुम्ही. तुम्ही महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. तीन गल्ल्यांना पाणी सोडायचं काम तुमच्याकडे होतं. ती लोखंडी चावी माझ्या खांद्याएवढी उंच होती, वर आडवी दांडी आणि खाली चौकोनी तोंड. सायकलच्या नळीला ती सुतळीनं बांधलेली असायची. पहाटे पावणेपाचला तुम्ही कोपऱ्यावरचं लोखंडी झाकण उचलायचा, चावी आत घालायची आणि आटे मोजत फिरवायची. वरच्या गल्लीला आधी, कारण तिथं चढ आहे, मग मधली, मग खालची. ठीक पाचला आमच्या नळानं आधी सुस्कारा टाकायचा, मग खाकरायचं, आणि मग पाणी यायचं. मला लहानपणी वाटायचं, तो नळातला आवाज तुमचाच आहे.

घरात गजराचं घड्याळ होतं, पण ते वाजलं की पत्र्याच्या आडभिंतीपलीकडचं तान्हं मूलसुद्धा रडत उठायचं. आई दिवसभर कांडप यंत्रावर मिरची कांडायला जायची, संध्याकाळी डोळे लाल करून आणि खोकत यायची. तिची झोप मोडणं तुमच्या जिवावर यायचं. अशात कुठूनशी ती कबरी मांजर घरात यायला लागली. खिडकीची एक काच फुटली होती तिथून आत उडी मारायची, थेट माझ्या पोटावर, तिथून तुमच्या छातीवर, आणि तुमच्या मिशीवर पंजा ठेवून बसायची. वेळ साडेचार, न चुकता. पाणीखात्यात हजेरी घ्यायला मुकादम असतो म्हणून तुम्ही तिचं नाव ठेवलं मुकादमीण. आई करवादायची, ‘दुधात तोंड घालती ती. एक दिस पाठीत लाटणं घालतो बघा तिच्या.’ तुम्ही म्हणायचा, ‘घड्याळ सगळ्या गल्लीला उठिवतंय. ही ज्याला उठवायचं त्यालाच उठिवती.’

खोटं होतं ते, आबा. ती मलाही उठवायची. तुमच्या छातीकडे जायची तिची वाट माझ्या पोटावरून होती. तुम्ही उठून बसायचा, अंधारात तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीबाही पुटपुटायचा, शर्ट चढवायचा, बशीत दूध ओतायचा. मग सायकल निघायची आणि ती शेपटी वर करून पुढं पुढं, कोपऱ्यावरच्या झाकणापर्यंत. तुम्ही आटे मोजत असताना ती शेजारच्या पायरीवर बसून बघत असायची, असं दूधवाला सांगायचा. मुकादमिणीनं देखरेख केल्याशिवाय पेठेला पाणी नाही, अशी तिन्ही गल्ल्यांत चेष्टा होती आणि ती तुम्हाला आवडायची.

तुम्ही कमी बोलायचा. माझ्या वाट्याला तुमचे तीन प्रश्न: जेवलीस? फी भरलीस? झोपली न्हाईस अजून? एवढ्यावर आपलं बापलेकीचं बोलणं संपायचं. एकदाच तुम्ही लांबलचक बोलला होता. मी आठवीत होते, पाणी सोडताना बघायला येते म्हणून हट्ट धरून आले होते. चावी फिरवून झाल्यावर तुम्ही झाकणावर बसलात आणि म्हणालात, ‘माझ्या आज्ज्याला पानी वरनं वतायचे. वंजळ धरून हुबं ऱ्हायाचं, कवा कुनाला दया यील तवा. आता त्यांच्या नळाला पानी मी सोडतो. म्हणून उशीर करायचा न्हाय. एक दिस बी न्हाय. आपल्याला उशीर झाला तर त्यो एकट्याचा उशीर नसतोय.’ मग घरी येऊन भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीखाली बसून तुम्ही चहा घेतलात, जणू काही बोललाच नव्हता. तुमच्या तोवरच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत एकही उशिराचा शेरा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग एक्क्याण्णवचा फेब्रुवारी. माझी बारावी. रात्री अभ्यास करून मी साडेबाराला आडवी व्हायची आणि साडेचारला पोटावर धप्पकन मुकादमीण. परत डोळा लागायचा नाही. दिवसभर डोकं भणभणायचं. खिडकीला पुठ्ठा लावला तर तिनं तो फाडला, पाट उभा केला तर तो पाडून चार घरं उठवली. मी शेजारच्या काकूंकडे रडगाणं गायले. त्यांनी उपाय सांगितला, जो आपल्याकडे घरोघर माहीत असतो. ‘पोत्यात घाल. सात येळा गरागरा फिरव, म्हंजे दिशा इसरती. नदी वलांडून पल्याड सोड, आन येताना मागं बघू नगंस. मांजर पान्याच्या अलीकडं परत येत न्हाय.’

त्या रविवारी तुम्ही एसटीनं कागलला आत्याकडे गेला होता, आई कांडपावर. मी दुधाचं आमिष दाखवून तिला बारदानात घातलं, अंगणात पोतं सात वेळा फिरवलं, मलाच चक्कर आली, आणि तुमच्याच सायकलच्या मागं बांधून पंचगंगेचा पूल ओलांडला. मागं बघितलं नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका उसाच्या रानात गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीतून वाफा निघत होत्या. मनात म्हटलं, इथं उंदीर असतील, ऊब असेल, तिचं वाईट होणार नाही. एवढी दयामाया होती माझ्यात, नाही असं नाही. काहिलीवरचा म्हातारा म्हणाला, ‘काय गं पोरी, पोत्यात काय हाय?’

‘मांजर आहे. उंदरांसाठी ठेवा.’

‘आन गुळात क्यास निघाल्यावर गिऱ्हाइकाला काय सांगू, मांजरानं ढवळलाय?’ तो स्वतःच मोठ्यांदा हसला. ‘सोड, सोड. उंदरं लई झाल्यात.’ ती पोत्यातून बाहेर आली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि चिपाडांच्या ढिगाखाली गेली. म्हाताऱ्यानं माझ्या रुमालात ताज्या गुळाचा गोळा बांधून दिला. रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही आपल्याकडची रीत, मग पाहुणा मांजर सोडायला आलेला का असेना.

संध्याकाळी तुम्ही तो गूळ भाकरीबरोबर खाल्लात. ‘कुटला?’ म्हणालात. मी म्हटलं, मैत्रिणीच्या आईनं दिला. तुम्ही म्हणालात, ‘बरा हाय.’ आबा, तो घास तुमच्या तोंडात जाताना मी बघत होते.

सोमवारी तुम्ही सवयीनं उठलात. खिडकीपाशी उभे राहून हलक्या आवाजात हाका मारल्यात, बशीत दूध काढून ठेवलंत. मंगळवारीही तसंच. मंगळवारी दिवसभर तुम्ही फुटलेल्या पाइपापायी कमरेएवढ्या चिखलात उभे होता, दमून भागून आलात. आणि बुधवारी आपण दोघंही गाढ झोपलो. मला तर अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. जाग आली ती दार बडवल्यानं. बाहेर बायकांचा गलका. ‘अवो, पानी कुटं हाय? सात वाजाय आलं!’ ‘घरात बाळंतीण हाय, अंगुळीला थेंब न्हाय!’ तुम्ही ताडकन उठलात, घड्याळ बघितलंत, आणि तुमचा चेहरा असा झाला की तो मला आजही नको असतो. बनियनवर, अनवाणी, चावी खांद्यावर टाकून तुम्ही धावलात. पण टाकीचं पाणी पुढच्या पेठेला वळायची वेळ झाली होती. नळांना करंगळीएवढी धार आली आणि गेली.

त्या दिवशी तुम्हाला पहिला शेरा मिळाला. साहेबांनी विचारलं तेव्हा ‘डोळा लागला’ एवढंच सांगितलंत म्हणे. मांजराचं नाव घेतलं नाहीत. संध्याकाळी आंघोळ केलीत, इस्त्रीचा शर्ट घातलात आणि मला म्हणालात, ‘चल माझ्यासंगं.’ मला वाटलं बाजारात. तुम्ही मला वरच्या गल्लीतल्या पहिल्या घरापाशी नेलंत, कडी वाजवलीत आणि हात जोडून म्हणालात, ‘आज माझ्यामुळं पानी आलं न्हाय. चूक माझी हाय.’ मग दुसरं घर, मग तिसरं. तीन गल्ल्या, एकही दार सोडलं नाहीत. लोक ओशाळायचे. ‘अवो, त्यात काय! बसा की, चा घिऊन जावा.’ बाळंतिणीच्या सासूनं तर माझ्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला आणि तुम्हाला दटावलं, ‘मानूस हाय, डोळा लागायचाच. एवढं मनाला लावून घेत्यात व्हय?’ तो लाडू मी मुठीत धरून ठेवला. खाणार कुठल्या तोंडानं?

खालच्या गल्लीत शेवटून दुसरं घर. ओसरीवर एक म्हातारा बसला होता. त्यानं तुमचं ऐकून घेतलं आणि पान चघळत म्हणाला, ‘तुमच्या लोकांस्नी नोकऱ्या दिल्या की हे असंच हुनार.’ मला झाकणावर बसून तुम्ही सांगितलेलं ते सगळं आठवलं. एकट्याचा उशीर नसतो. एकोणीस वर्षं तुम्ही ज्या वाक्याची वाट अडवून उभे होता ते वाक्य माझ्यामुळं, माझ्या झोपेमुळं, तुमच्या अंगावर आलं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तोंड उघडलं, ‘आजोबा, यांची चूक नाही, ते मी...’ तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत आणि घट्ट दाबलंत. आवाज चढवला नाहीत. ‘चूक माझी हाय,’ तुम्ही म्हणालात, ‘माझ्या एकट्याची. लोकांस्नी मधी आणू नगासा. उद्या पाचला नळाखाली कळशी लावून बसा.’ आणि पुढच्या घराची कडी वाजवलीत.

घरी येताना तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, ‘उद्यापास्नं तू उठीव मला.’

मी उठवलं. गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून उशीखाली घेऊन झोपायचे, त्याची नुसती थरथर कानाला लागायची. सव्वाचारला उठून तुम्हाला हलवायचं, चहा करायचा, आणि तुम्ही गेलात की झोप उडालेलीच असायची म्हणून पुस्तक उघडायचं. रात्री तीन-तीनदा वाचून डोक्यात न शिरणारं पहाटे एकदाच वाचून शिरायला लागलं. माझी बारावी त्या पहाटांनी पास केली. जिच्यामुळं अभ्यास होत नाही म्हणून मी नदीपलीकडे सोडून आले, तिचंच काम अंगावर घेतल्यावर अभ्यास झाला. बसा आता!

दुसऱ्या रविवारी सकाळी तुम्ही कुठंतरी जाऊन आलात आणि दारात दाढी करत बसलात. मी भूगोल घोकत होते. खिडकीतून धप्पकन काहीतरी माझ्या पोटावर पडलं. मुकादमीण! रोड झाली होती, शेपटीचे केस काकवीनं चिकटले होते, अंगाला राखेचा वास. तुम्ही आरशातूनच बघितलंत आणि म्हणालात, ‘बघ, आली की हजेरी घ्यायला.’ मी तिला उराशी धरून रडले. सात वेळा फिरवलेलं पोतं, पूल, नदी, सगळं पार करून ती परत आली होती. मला वाटलं, देवच काय, पण मांजरानंसुद्धा मला माफ केलं. देव आपण मानत नाही, पण त्या वेळी तसंच वाटलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी डी.एड. झाले, शाळेत लागले. तुम्ही निवृत्त झालात तरी ती साडेचारला यायचीच आणि तुम्ही उठायचाच. कोपऱ्यावर जाऊन झाकणाला हात लावून बघायचा, नव्या माणसानं पाणी सोडलंय का ते. तुम्ही गेल्यावर ती दहा-बारा दिवस तुमच्या रिकाम्या अंथरुणावर येऊन बसत होती. मग माझ्याकडे बघायची. मी हात फिरवायचे, पण तिला काही बोलायला मला सुचायचं नाही. एका पहाटे ती आली नाही, आणि नंतरही आली नाही.

ही नदी ओलांडून आलेल्या मांजराची गोष्ट मी दरवर्षी माझ्या वर्गाला सांगते. पोरं आ वासून ऐकतात. प्राण्यांना वाट कशी कळते, त्यांची नाकं कशी तिखट असतात, असं सगळं त्यात घालते. मांजर सोडून आली ती ‘एक मुलगी’. तिचं नाव सांगत नाही. गेल्या रविवारी दुपारी तुमच्या नातीला तीच गोष्ट सांगत होते. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. आता सत्तरीला आलीय, खोकला आहेच, जीभही आहेच. मी पुलापर्यंत आले तशी ती म्हणाली, ‘किती थापा मारशील गं पोरीला? मांजर कवा पूल वलांडून आलंया?’

‘आई, तू बघितलीस ना ती परत आलेली?’

‘बघितली की. त्येंनी आनली. सायकलीवर, त्याच पोत्यात घालून.’

मी गोष्ट तिथंच सोडून आईकडे वळले. ‘आबांनी? त्यांना कुठं माहीत होतं?’

‘गूळ आनलातास तू. बोट बुडत हुतं त्यात, इतका ताजा. आसला गूळ पेठेत कुनाच्या घरात आसतोय? गुऱ्हाळावरच मिळतोय. शानी म्हनं बारावीची!’ आई हसायला लागली, मग खोकायला लागली, मी पाणी दिलं. ‘तरी त्येंच्या ध्यानात न्हवतं आलं. त्या म्हाताऱ्याच्या दारात तू रडाय लागलीस, तवा आलं. घरात येऊन मला म्हणाले, पोरीनंच सोडलंय मांजर. काय बोलू नगंस, परीक्षा हाय तिची. मग रविवारी गेले. तीन गुऱ्हाळं हिंडले, तवा गावली. गल्लीच्या तोंडाला पोत्यातनं सोडली आन आपन म्होरं येऊन दाढी कराय बसले.’

‘पण मला सांगायचं ना! निदान ओरडायचं.’

‘मी बी तेच म्हणालो. तर म्हणाले, मांजर आपनहून आली आसं वाटू दे तिला. म्हंजे तिचा जीव हलका हुईल.’

‘आणि तू अठरा वर्षं गप्प बसलीस?’

‘तू कवा इचारलंस?’ आई म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

आबा, त्या दुपारी मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि खूप रडले, पण वाईट वाटून नाही. तुमचा राग येत होता, हसू येत होतं, आणि इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. पहिला शेरा अंगावर घेतलेला माणूस, ज्याला दारात नको ते ऐकावं लागलं, तो त्याच आठवड्यात सायकल काढून पुलापलीकडे जातो. कशासाठी, तर ज्या पोरीनं हे केलं तिचा जीव हलका व्हावा म्हणून. आणि मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत होते की मांजराला वाट सापडली. परवा शाळेत मी ती गोष्ट दुरुस्त करून सांगितली. त्या मुलीचं नावही सांगितलं. एक पोरगं म्हणालं, ‘बाई, तुमचे वडील लई भारी हुते.’ मी म्हटलं, व्हय.

मग आता लिहायला उरलं काय? उरलंय. तुम्ही गुळावरून सगळं ओळखलंत, पण एक गोष्ट त्या गुळात नव्हती. झोपमोड हे निमित्त होतं, आबा. तुम्ही अंधारात मुकादमिणीशी जे पुटपुटायचा ते मला सगळं ऐकू यायचं. ‘आज गुडघा लई दुकतोय गं.’ ‘नव्या साहेबानं काल खुर्ची दिली बसाय, म्हणाला बसा.’ आणि त्या रविवारच्या दोन-तीन दिवस आधी, ‘पोरगी हुशार हाय बघ. पायजे तेवढं शिकवायचं तिला, मी करतो कायतरी. लई कौतुक वाटतंय, पर तिच्या म्होरं बोलाय जमत न्हाय.’ मी डोळे गच्च मिटून पडले होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फी भरलीस का एवढंच मला विचारायचं, आणि हे सगळं तिला सांगायचं? एका मांजरीला? माझ्या बापाचं बोलणं जिनं पळवलं तिला मी पोत्यात घातलं. सतरा वर्षांच्या पोरीला तेवढीच अक्कल होती.

आता मीही बोलते. साडेचारला आमचं हे ध्यान छातीवर आलं की त्याच्या पाठीवरून हात फिरवत मी सांगते, आज तपासणी आहे, आज पाय जड झालेत, आणि तुमची नात चित्र किती छान काढते, मला तिचा अभिमान वाटतो, हेही सांगते. दिवसा हेच तिला सांगायला गेले की तोंडातून निघतं ते ‘गृहपाठ झाला का?’ रक्त बदलत नाही म्हणतात ते उगीच नाही. पण परवा बोलता बोलता मी दुसऱ्या बाजूला झोपलेल्या तुमच्या नातीकडे बघितलं. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. तिचे डोळे मिटलेले होते, पण जरा जास्तच गच्च. मी आवाज थोडा वाढवून बोलत राहिले.

तेव्हापासून एक शंका मला सोडत नाही. मांजराचे कान किती तिखट असतात हे तुम्हाला माहीत होतं. दोन घरांपलीकडे बशी वाजली तरी तिला कळायचं. तिच्याशी बोलायला एवढा आवाज लागत नाही, आबा.

नळानं आता सुस्कारा टाकलाय. मोटर चालू करायला उठलं पाहिजे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टेबलावर उघडंच ठेवते. मांजर त्याच्यावर बसेल आणि त्याला हुसकवायला तुमची नात येईल. ती वाचते की नाही ते मला बघायचं आहे, म्हणून मोटर चालू केली की मी परत येऊन पडणार आहे आणि झोपेचं सोंग घेणार आहे. ते मला चांगलं जमतं. तुमच्या शेजारीच शिकले.